‘अणुबॉम्ब टाकणं योग्य होतं का?’ या विषयाची तयारी कशी करावी

ऑगस्ट जवळ आला की वादविवाद स्पर्धांच्या पत्रकांवर एक विषय हमखास असतो: ‘जपानवर अणुबॉम्ब टाकण्याचा निर्णय समर्थनीय होता.’ अनुकूल बाजू सात मिनिटं, प्रतिकूल सात मिनिटं, खंडनाला तीन. मी साताऱ्यात ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायचे. निवृत्त झाले तरी मुलं तयारीला घरी येतात, आणि येताना बहुतेक सगळी एकच भाषण घेऊन येतात. अनुकूलवाला म्हणतो, बॉम्ब टाकला नसता तर दहा लाख अमेरिकन सैनिक मेले असते. प्रतिकूलवाली म्हणते, लाखो निष्पाप जीव एका क्षणात राख झाले. दोघंही आवाज चढवतात, परीक्षक मान डोलावतात आणि करंडक तिसऱ्याच जोडीला देतात.

मी त्यांना आधी एवढंच विचारते: हा निर्णय कोणी घेतला, कोणत्या तारखेला, आणि तो कागद कुठला? ‘ट्रूमनने’, म्हणजे अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्षाने, एवढं पटकन येतं. तारीख विचारली की एकमेकांकडे बघतात. तयारी इथून सुरू करायची. समर्थनीय-असमर्थनीय नंतर बघू.

तारखांचा तक्ता

मागच्या वर्षीचं भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि एक पान उलटं करा. पाठ कोरी नसली तर दोन कागद चिकटवा, पण तक्ता मोठा हवा. तीन उभे रकाने आखा: वॉशिंग्टन, टोकियो, मॉस्को. मोबाईलवर करू नका. तिन्ही राजधान्यांत एकाच दिवशी काय चाललं होतं हे एका नजरेत दिसायला हवं, आणि स्क्रीनवर ते दिसत नाही.

वॉशिंग्टनच्या रकान्यात वरच्या टोकाला लिहा: सप्टेंबर १९४४, रूझवेल्ट आणि चर्चिल यांचं हाइड पार्कचं टिपण. बॉम्ब तयार झाला की ‘कदाचित, पुरेशा विचारानंतर’ तो जपानवर वापरता येईल, असं त्यात आहे. ट्रूमन तेव्हा उपाध्यक्षही नव्हता. तो १२ एप्रिल १९४५ ला, रूझवेल्ट गेले त्या दिवशी, अध्यक्ष झाला आणि युद्धमंत्री स्टिम्सन यांनी त्याला बॉम्बची तपशीलवार माहिती दिली ती २५ एप्रिलला. म्हणजे गाडी धावत असताना हा माणूस ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसला.

पुढच्या नोंदी भराभर होतात. १०-११ मे: लॉस अलामोसच्या बॉम्ब-प्रयोगशाळेत, तिचे प्रमुख ओपेनहायमर यांच्या कार्यालयात, बॉम्ब कुठे टाकायचा ते सुचवणाऱ्या लक्ष्य समितीची बैठक, यादीत क्योटो पहिलं. ३१ मे आणि १ जून: बॉम्बबद्दल सल्ला द्यायला नेमलेल्या, स्टिम्सन यांच्या अंतरिम समितीची शिफारस, की बॉम्ब शक्य तितक्या लवकर, पूर्वसूचना न देता, आणि आजूबाजूला कामगारांची घरं असलेल्या युद्धसाहित्याच्या कारखान्यावर वापरावा. ११ जून: जेम्स फ्रांक आणि शिकागोच्या शास्त्रज्ञांचा अहवाल, की आधी निर्जन जागी प्रात्यक्षिक दाखवा. १६ जून: ओपेनहायमर, फर्मी, लॉरेन्स, कॉम्प्टन या चार शास्त्रज्ञांचं उत्तर, की युद्ध संपवेल असं कुठलंही प्रात्यक्षिक आम्हाला सुचत नाही. ४ जुलै: ब्रिटनची संमती, कारण १९४३ च्या क्वेबेक करारानुसार ती आवश्यक होती. १६ जुलै: न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिली चाचणी. १७ जुलै: जपानला शरणागतीची संधी दिल्याशिवाय बॉम्ब वापरू नका, असा लिओ सिलार्ड यांचा सुमारे सत्तर शास्त्रज्ञांच्या सह्यांचा अर्ज, जो ट्रूमनच्या हाती वेळेत पोचलाच नाही.

क्योटो स्टिम्सन यांनी हट्टाने यादीतून काढलं. ते तिथे मधुचंद्राला गेले होते म्हणून, ही गोष्ट तुम्हाला सगळीकडे सापडेल. भाषणात घालू नका. त्यांचं लग्न १८९३ मध्ये झालं होतं आणि क्योटो त्यांनी पाहिलं १९२० च्या दशकात. जुनी राजधानी जाळली तर जपानी लोक कायमचे दुरावतील आणि रशियाकडे झुकतील, हा त्यांचा मुद्दा होता. क्योटो वगळलं गेलं आणि जुलैच्या शेवटी शेवटी यादीत नागासाकी आलं.

टोकियोच्या रकान्यात १२-१३ जुलैला लिहा: परराष्ट्रमंत्री तोगो यांच्या मॉस्कोतल्या राजदूताला तारा. रशियाने मध्यस्थी करावी, बिनशर्त शरणागती हाच शांततेतला अडथळा आहे, असा त्यांचा आशय. अमेरिका या तारा फोडून वाचत होती. ही नोंद दोन्ही बाजूंना उपयोगी पडते. प्रतिकूल बाजू म्हणेल, शांततेची धडपड त्यांना दिसत होती. अनुकूल बाजू म्हणेल, पण नेमक्या कुठल्या अटींवर शरण येणार हे त्या तारांमध्ये टोकियो सांगतच नव्हतं.

मॉस्कोच्या रकान्यात दोनच ठळक नोंदी. फेब्रुवारी १९४५, याल्टाची दोस्त राष्ट्रांची परिषद: जर्मनी पडल्यावर दोन-तीन महिन्यांत आम्ही जपानविरुद्ध उतरू, असा स्टालिनचा शब्द. जर्मनी ८ मे ला पडलं. आणि ८ ऑगस्टला, बरोबर तीन महिन्यांनी, रशियाने युद्ध पुकारलं.

तारखा लिहिताना घड्याळाचं भान ठेवा. जपान तेव्हा वॉशिंग्टनच्या तेरा तास पुढे होतं. हिरोशिमात ६ ऑगस्टच्या सकाळचे सव्वाआठ, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये ५ ऑगस्टच्या संध्याकाळचे सव्वासात. ट्रूमन तर दोन्हीकडे नव्हता. जर्मनीत पॉट्सडॅमला भरलेल्या दोस्त राष्ट्रांच्या परिषदेहून परतताना तो अटलांटिकमध्ये ‘ऑगस्टा’ या युद्धनौकेवर होता.

दोन कागद नीट वाचा

पहिला कागद २५ जुलै १९४५ चा. कार्यवाहक सेनाप्रमुख जनरल हँडी यांचा पॅसिफिकमधल्या बॉम्बफेकी हवाई दलाचे प्रमुख जनरल स्पाट्झ यांना आदेश. मसुदा ग्रोव्हज यांचा, म्हणजे बॉम्ब बनवणाऱ्या मॅनहॅटन प्रकल्पाच्या लष्करी प्रमुखांचा. तोंडी हुकमावर मी हे करणार नाही, लेखी द्या, असं स्पाट्झ यांनी सांगितलं म्हणून हा कागद तरी झाला. चारच कलमं आहेत, इंग्रजी सोपं आहे, दहा मिनिटांत वाचून होतो.

पहिलं कलम: अणुबॉम्ब टाकण्यासाठी तयार केलेल्या ५०९ व्या विमानगटाने, साधारण ३ ऑगस्टनंतर, डोळ्यांनी लक्ष्य दिसेल असं हवामान मिळताच पहिला ‘खास बॉम्ब’ हिरोशिमा, कोकुरा, निइगाता, नागासाकी यांपैकी एका ठिकाणी टाकावा. दुसरं कलम पेन्सिलीने अधोरेखित करा: पुढचे बॉम्ब तयार होतील तसतसे याच लक्ष्यांवर टाकावेत. तिसरं गुप्ततेबद्दल. चौथ्यात लिहिलंय की हा आदेश युद्धमंत्री आणि सेनाप्रमुख यांच्या संमतीने दिला आहे. ट्रूमनचं नाव त्यात कुठेही नाही.

आता तक्त्यावर परत या. पॉट्सडॅमचा जाहीरनामा, ‘शरण या, नाहीतर तात्काळ आणि संपूर्ण विनाश’, निघाला २६ जुलैला. आदेशावर तारीख त्याच्या आदल्या दिवसाची. आदेश मागे घेता आला असता हे खरं, पण जपानचं उत्तर ऐकून मग ठरवलं, असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी हा क्रम आधी समोरच्याला समजावून दाखवावा.

इथेच एक सापळा आहे. ट्रूमनच्या हस्ताक्षरातली ३१ जुलैची एक चिठ्ठी इंटरनेटवर ‘बॉम्बचा आदेश’ म्हणून फिरते. स्टिम्सन यांच्या तारेच्या मागे त्याने लिहिलं होतं, की सूचना मंजूर, तयार झालं की सोडा, पण २ ऑगस्टच्या आधी नको. वाचणाऱ्याला वाटतं, बॉम्ब सोडा. ती चिठ्ठी वर्तमानपत्रांना द्यायच्या निवेदनाबद्दल आहे. ट्रूमनला २ ऑगस्टला पॉट्सडॅम सोडायचं होतं आणि निवेदन त्याआधी बाहेर पडायला नको होतं. प्रतिस्पर्ध्याने ती चिठ्ठी काढली, तर तुमचं खंडन तयार आहे.

दुसरा कागद १० ऑगस्टचा. ग्रोव्हज सेनाप्रमुख मार्शल यांना कळवतात की पुढचा बॉम्ब १७-१८ ऑगस्टनंतर चांगलं हवामान मिळताच टाकता येईल. खाली मार्शल यांनी हाताने लिहिलंय: राष्ट्राध्यक्षांच्या स्पष्ट परवानगीशिवाय तो जपानवर टाकायचा नाही. त्याच दिवशी ट्रूमनने मंत्रिमंडळाला सांगितलं की बॉम्ब थांबवले आहेत. वाणिज्यमंत्री हेन्री वॉलेस यांनी डायरीत नोंदवलं, की आणखी एक लाख माणसं पुसून टाकायची कल्पना त्याला असह्य वाटली, ‘ती सगळी पोरं’ मारणं त्याला नको होतं.

माझं मत विचाराल तर अध्यक्षाचा असा स्वतंत्र, स्पष्ट निर्णय मला १० ऑगस्टलाच दिसतो, आणि तो थांबवण्याचा आहे. त्याआधी होती ती चालू यंत्रणा आणि तिच्या आड न येणारा अध्यक्ष. हे मत तुम्ही घ्यावंच असं नाही. पण ही दोन पानं न वाचता ‘ट्रूमनचा निर्णय’ म्हणत व्यासपीठावर चढू नका.

नागासाकीचं काय?

विषय बहुतेक वेळा हिरोशिमाचा दिलेला असतो आणि मुलं नागासाकी एका वाक्यात उरकतात. तिथेच सामना हातचा जातो.

नागासाकीसाठी वेगळा निर्णय झालाच नाही. दुसऱ्या कलमाने ते काम केलं. दुसरी मोहीम ११ ऑगस्टला ठरली होती. हवामान बिघडणार म्हणून विमानांचा तळ असलेल्या तिनियान बेटावरच ती ९ तारखेवर आणली गेली. म्हणजे रशियाच्या युद्धघोषणेचा टोकियोवर काय परिणाम होतो हे बघायला कोणी थांबलं नाही. विमान निघालं कोकुराला. तिथे ढग आणि धूर होता, तीन फेऱ्या मारूनही शस्त्रागार दिसेना. इंधन कमी होत होतं, म्हणून वैमानिक चार्ल्स स्वीनीने विमान नागासाकीकडे वळवलं. ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब फुटला तो ठरलेल्या जागी नाही, उराकामी खोऱ्यावर. जपानमधल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीवर, तिथल्या कॅथेड्रलपासून काहीशे मीटरवर.

त्याच वेळी टोकियोत सहाजणांच्या सर्वोच्च युद्धमंडळाची बैठक चालू होती. नागासाकीची बातमी त्या बैठकीतच आली. मतं तीन-तीन होती आणि तीन-तीनच राहिली. तिघांना एकच अट हवी होती, सम्राटाचं स्थान राहावं. उरलेल्या तिघांना चार हव्या होत्या: देश ताब्यात घेऊ नये, निःशस्त्रीकरण आम्हीच करू, युद्धगुन्हेगारांचे खटले आम्हीच चालवू, हेही. शेवटी त्या रात्री सम्राटापुढे बैठक झाली आणि १० तारखेच्या पहाटे त्याने कौल दिला. हिरोशिमा, रशिया, नागासाकी यांतल्या कशाने तो कौल फिरला यावर इतिहासकार आजही भांडतात. तुम्ही सात मिनिटांत तो सोडवायला जाऊ नका. पण नागासाकीच्या बातमीने त्या खोलीत एकही मत हललं नाही, हे ठामपणे सांगा. हिरोशिमाचं समर्थन करणारी माझी हुशार मुलं नागासाकीपाशी अडखळतात, आणि अडखळावं असंच ते आहे.

आकडे वापरताना

‘दहा लाख अमेरिकन मेले असते’ हे वाक्य वहीतून खोडा. स्टिम्सन यांनी फेब्रुवारी १९४७ मध्ये हार्पर्स मासिकातल्या लेखात दहा लाखांहून अधिक अमेरिकन हानी असं म्हटलं, आणि त्या हानीत जखमी आणि बेपत्ताही येतात. ट्रूमनच्या १९५५ च्या आठवणींत पाच लाख जीव आहेत. दोन्ही आकडे युद्ध संपल्यानंतरचे. बॉम्बच्या आधीचं हवं असेल तर १८ जून १९४५ ची व्हाइट हाउसमधली बैठक वाचा. क्युशू बेटावर १ नोव्हेंबरला उतरायची योजना तिथे मंजूर झाली. पहिल्या तीस दिवसांची हानी फिलिपिन्समधल्या लुझॉनच्या लढाईतल्या ३१ हजारांपेक्षा जास्त होऊ नये, असं मार्शल म्हणाले. अॅडमिरल लेही यांनी ओकिनावा बेटाच्या लढाईतल्या हानीचं ३५ टक्के प्रमाण काढलं. किती सैन्य उतरणार, तर ७,६६,७००. गुणाकार केला तर २ लाख ६८ हजार येतात, पण इतिवृत्तात तो गुणाकार कोणी केलेला नाही. अनुकूल बाजूने पुढे हे जोडावं, की जुलै संपता संपता क्युशूवर जपानी सैन्य अपेक्षेपेक्षा कितीतरी वाढलंय हे अमेरिकेला कळत होतं, म्हणजे जूनचा हिशेब जुना झाला होता.

हे सैनिक फक्त अमेरिकन नव्हते, हा मुद्दा आपली मुलं विसरतात. मलायावर उतरायची ब्रिटिशांची मोहीम सप्टेंबर १९४५ साठी तयार होती. तीत २३ वी भारतीय डिव्हिजन होती आणि त्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. त्या उतरल्या, पण जपान शरण आल्यावर, लढाईविना. सातारा-सांगलीच्या सभागृहात हे सांगितलं की लोक सावरून बसतात. तरी अश्रूंसाठी वापरू नका, युक्तिवादासाठी वापरा.

प्रतिकूल बाजूचे आकडेही तपासून घ्या. १९४५ अखेरपर्यंतचे मृत्यू हिरोशिमात सुमारे १,४०,०००, नागासाकीत सुमारे ७०,००० असे धरतात. युद्धानंतरचे अमेरिकी अंदाज साधारण ७०,००० आणि ४०,००० असे कमी होते. दोन्ही सांगा, आणि तारखेची मर्यादाही सांगा. मृतांत वेठबिगारीला आणलेले हजारो कोरियन होते. ‘एका क्षणात’ म्हणू नका. त्यातले खूपजण पुढच्या दिवसांत, आठवड्यांत, महिन्यांत गेले. आणि ९-१० मार्चच्या रात्री साध्या आगलाव्या बॉम्बनी टोकियोत सुमारे एक लाख माणसं मेली होती, याचं उत्तर तयार ठेवा. समोरचा विचारणारच.

ट्रूमनने ६ ऑगस्टच्या निवेदनात हिरोशिमाला महत्त्वाचा लष्करी तळ म्हटलं. जपानी लष्कराच्या एका मोठ्या विभागाचं मुख्यालय तिथे होतं, हे खरं. ६ ऑगस्ट सोमवार होता. सात वाजून नऊ मिनिटांनी भोंगा झाला, ७:३१ ला धोका टळल्याचा इशारा झाला आणि शहर कामाला लागलं. त्या कामात हजारो शाळकरी मुलं होती, बारा-तेरा वर्षांची, आपल्याकडच्या सातवी-आठवीच्या वयाची. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून लाकडी घरं पाडून मोकळे पट्टे करायचे, कौलं वाहायची, हे त्यांचं काम. उघड्यावर होती. त्यांतली सुमारे सहा हजार गेली. हिरोशिमाच्या संग्रहालयात अशा एका मुलाचा जेवणाचा डबा आहे, आतलं अन्न कोळसा झालेलं. भावनेची एकच गोष्ट घ्यायची तर ही घ्या, वीस सेकंदांत सांगा आणि पुढे चला.

परिणाम: काय सांगू नये, काय सांगावं

‘आजही तिथे गवत उगवत नाही’ हे खोटं आहे. हिरोशिमात तीन दिवसांत काही ट्राम पुन्हा सुरू झाल्या होत्या. आज तिथे अकरा लाखांहून जास्त लोक राहतात. ‘आजही तिथे अपंग मुलं जन्मतात’ हेही नको. पोटात असताना किरणोत्सर्ग लागलेल्या मुलांमध्ये मेंदूची वाढ खुंटल्याचं आढळलं, पण वाचलेल्यांना पुढे झालेल्या मुलांत आनुवंशिक दोष वाढल्याचं दशकानुदशकांच्या पाहणीत स्पष्ट दिसलेलं नाही. या अफवेमुळे वाचलेल्यांची लग्नं मोडली, लोकांनी आपण हिरोशिमाचे हे लपवलं. व्यासपीठावरून तीच अफवा पुन्हा सांगणं बरं नाही.

सांगण्यासारखं पुष्कळ आहे. आधी रक्ताचा कर्करोग वाढला, मग वर्षानुवर्षांनी इतर कर्करोग. अमेरिकेने १९४७ पासून वाचलेल्यांची तपासणी केली, उपचार केले नाहीत, याचा राग त्या लोकांच्या मनातून गेला नाही. ग्रोव्हज यांनी तर नोव्हेंबर १९४५ मध्ये सेनेटसमोर सांगितलं, की डॉक्टरांच्या मते किरणोत्सर्गाने येणारं मरण फार सुखाचं असतं. जपान सरकारचा वैद्यकीय मदतीचा कायदा यायला १९५७ उजाडलं. वाचलेल्यांची संघटना निहोन हिदानक्यो १९५६ मध्ये उभी राहिली आणि २०२४ मध्ये तिला शांततेचं नोबेल मिळालं.

राजकीय परिणामांत सगळे शस्त्रस्पर्धा सांगतात. १९४९ ची रशियन चाचणी एका वाक्यात सांगा. मार्शल यांची ती हाताने लिहिलेली ओळ मात्र विसरू नका. अण्वस्त्र हे सेनापतीचं नाही, देशाच्या प्रमुखाने हो म्हटल्याशिवाय हलायचं नाही, हा प्रघात तिथून सुरू होतो. आपल्याकडेही जानेवारी २००३ पासून तो अधिकार पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या राजकीय परिषदेकडेच आहे.

भारतीय संदर्भ हवाच असेल तर जपानी युद्धनेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यातले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचं भिन्नमत घ्या. नाझी नेत्यांच्या आदेशांशी जवळीक सांगणारी पॅसिफिक युद्धातली एकच गोष्ट म्हणजे अणुबॉम्ब वापरण्याचा निर्णय, असं त्यांनी लिहिलं. पण पालांनी सगळ्याच आरोपींना निर्दोष ठरवलं होतं, हेही समोरून येईल.

आदल्या रात्री

बाजू बदला. अनुकूलवाल्याने प्रतिकूल भाषण करायचं आणि उलट, नोट्सशिवाय, तक्ता भिंतीवर लावून. जिथे थांबाल तिथला कागद पुन्हा वाचा. वीस कार्डं नेऊ नका, हातात सहा-सात तारखा पुरतात.

प्रश्नोत्तरांत एक परीक्षक हटकून विचारतात, तुम्ही ट्रूमन असता तर काय केलं असतं? तत्त्वज्ञान सांगत बसू नका. कोणत्या तारखेचा, ते त्यांनाच विचारा. २५ एप्रिलचा असेल तर प्रात्यक्षिक, पूर्वसूचना, लक्ष्याची निवड सगळं अजून हातात आहे. २५ जुलैचा असेल तर जाहीरनाम्यात सम्राटाबद्दल एक वाक्य घालता येतं, आणि दुसरं कलम खोडता येतं. ७ ऑगस्टचा असेल तर रशियाची वाट बघता येते. तुमची तारीख निवडा, त्या दिवशी ट्रूमनला काय माहीत होतं तेवढंच वापरा, आणि घंटेच्या आत उत्तर संपवा.